डाव्या गालाची हळद

शिरूर,
८ एप्रिल २०२५

वन्सं,

भागूचा नमस्कार. फोन लावला न्हाई, कारण स्पीकरवर टाकल्याबिगर मला ऐकू येत न्हाई आन् स्पीकरवर टाकलं की गोठ्यातली म्हसरंबी कान टवकारत्यात. आपल्या दोघींचं कागदावरच बरं.

बातमी अशी हाय की आपल्या रविराजचं लग्न दिवाळीनंतर व्हतं, ते आता मे म्हैन्यातच करायचं ठरलं. अक्षदाची आजी लई आजारी हाय. म्हातारी धरून बसलीया, नातीच्या अक्षता माझ्या डोळ्यादेखत पडू द्या म्हणून. आता न्हाई कोण म्हणणार. हळद सात मेला, लग्न आठला. मार्केट यार्डाच्या अलीकडं नवं कार्यालय झालंय तिथं. हळद मातूर घरीच, आपल्या अंगणात.

तुम्ही आत्या. हळदीचा पहिला हात तुमचा. आन् नवरदेवाला लागली की उरलेली तुमच्या तोंडाला फासायची, ही आपल्या घरची रीत. थोरल्या लेकीच्या लग्नात तुम्ही पार कांद्याच्या चाळीत जाऊन दडला व्हता, ते अजून बाया सांगून हसत्यात. औंदा चाळ रिकामी हाय, दडायला जागा न्हाई.

मी यास्नी म्हणलं, पत्रिका पोस्टानं पाठवा, ऊन लई हाय. तर म्हणले, "बहिणीला पोस्टानं बोलवू व्हय?" तवा ते सोता येत्याल नारळ आन् कुंकू घेऊन. त्यास्नी च्या कमी गोड द्या. शुगर निघालीया.

तुमची
भागू


दौंड,
१८ एप्रिल २०२५

प्रिय वहिनी,

तुझं पत्र मिळालं आणि त्यापाठोपाठ दादाही येऊन गेला. माझे डोळे आले आहेत, त्यामुळे त्याला आत घेता आलं नाही. डोळे आलेल्या माणसाने लोकांत मिसळू नये, एवढं साधं आरोग्यशास्त्र आमच्या कॉन्व्हेंटमध्ये चौथीत शिकवत असत. दादाने मनाला लावून घेऊ नये, असं त्याला सांग.

आता लग्नाबद्दल. आजीबाईंच्या हट्टासाठी दोन्हीकडच्या माणसांना मे महिन्याच्या उन्हात भाजून काढायचं, हे मला पटलेलं नाही. दिवाळीनंतर म्हणजे दिवाळीनंतर. गाडीची वेळ एकदा जाहीर केली की आम्ही ती एखाद्या प्रवाशाच्या आजीसाठी बदलत नव्हतो.

हळदीला मी येणार नाही. हल्ली हळद म्हणजे काय असतं ते मी पाहिलं आहे. घराच्या भिंती हलवणारा तो डीजे, पिवळे चष्मे लावून नाचणारी पोरं, आणि पुडीतली हळद, जिच्यात काय मिसळलेलं असतं ते देवाला ठाऊक. माझ्या कातडीला ती सोसत नाही. पहिला हात अक्षदाकडच्या कोणी लावला तरी रविराज पिवळा होईलच.

लग्नाच्या दिवशी जमलं तर येईन. मागे बसेन. माझी वाट पाहू नका.

प्रतिभा


शिरूर,
२३ एप्रिल २०२५

वन्सं,

पत्र वाचलं. चुलीत घालणार व्हते, मग म्हणलं आधी उत्तर द्यावं.

डोळे आले म्हणता. हे तुमच्या दारातनं परत आले तवा मी इचारलं, बसला का, जेवला का. तर म्हसरांची धार काढाया गेले. दुसऱ्या दिवशी सांगितलं. जाळीचं दार बंद. तुम्ही आतनं तोंडाला टॉवेल लावून बोलत व्हता. आन् आत खुर्चीवर शेजारची मोनिकाबाई बसलेली, हातात कप. तिला तुमचे डोळे लागत न्हाईत व्हय? भावालाच लागत्यात?

त्यांनी नारळ पायरीवर ठिवला आन् आले. दौंडच्या स्टँडावर दोन तास बसले व्हते, पाणीबी पिले न्हाईत.

त्यांचं म्हणणं एकच. "माझं पागोटं बघून ती लाजली. मोनिकाबाईसमोर हा मेंढक्या भाऊ कुठं आत घ्यायचा." मी म्हणलं, असं नसंल. तर म्हणले, "बापानं तिला रेल्वेच्या गावाला नेलं, इंग्रजी शाळेत घातलं. मी आज्याकडं मेंढरांमागं राह्यलो. ती लाजणारच. चूक तिची न्हाई."

चूक तिची न्हाई म्हणत्यात, त्याचं मला जास्ती लागलं. शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

घरी आल्यावर पागोटं काढून खुंटीला लावलं, ते अजून तिथंच हाय. बस्त्याला गांधी टोपी घालून गेले. त्यांच्या आज्यापासनं या घरात कुणी टोपी घातली न्हाई. लग्नातबी टोपीच घालणार म्हणत्यात, म्हंजी बहिणीला खाली बघायला नको.

तुम्ही शिकलेल्या. काय ते खरं कळवा. न्हाईतर राहू द्या.

भागू


दौंड,
२७ एप्रिल २०२५

प्रिय वहिनी,

हे पत्र एकटीने वाच. वाचून झालं की खरंच चुलीत घाल.

माझे डोळे आलेले नव्हते. दादाच्या पागोट्याची मला कधी लाज वाटली नाही. लाज वाटली ती माझ्या थोबाडाची. आणि त्याहून जास्त, त्या थोबाडाचं मी जे करून घेतलं त्याची.

माझ्या डाव्या गालावरचा खळगा तू पाहिलाच आहेस. शाळेच्या वसतिगृहात असताना दाढेला पू झाला, तो गालातून बाहेर फुटला. जखम भरली, पण कातडी आत ओढली गेली ती कायमची. एखाद्याने कणकेत अंगठा दाबून ठेवावा तशी. मी त्याबद्दल कधी चकार शब्द काढला नाही. वसतिगृहात सिस्टर म्हणत, आरशात पाहण्यात वेळ घालवणाऱ्या मुलीचं डोकं रिकामं राहतं. मला ते वाक्य फार सोयीचं होतं. पुढे दौंड स्टेशनात चौकशीच्या खिडकीवर बसले, तेव्हा पहिल्या आठवड्यात खुर्ची तिरकी करून घेतली. प्रवाशांना उजवा गाल. निवृत्त होईपर्यंत ती खुर्ची कोणाला सरळ करू दिली नाही. उजेड डोळ्यांवर येतो, असं सांगत असे.

आणि या वयात, सगळं आयुष्य निभावून नेल्यावर, मी पुण्याला जाऊन तो खळगा भरून घेतला.

कशाने, तेही सांगते. माझ्याच पोटाच्या चरबीने. बेंबीखाली बारीक छेद घेऊन नळीने चरबी ओढून काढतात, स्वच्छ करतात. मग गालाची आत चिकटलेली कातडी सुईने सोडवतात आणि त्या पोकळीत ती चरबी थेंब थेंब भरतात. लिहिताना मला करंजीच आठवते आहे. माझीच कणीक, माझंच सारण. आपल्याच अंगाची असल्यामुळे शरीर ती परकी मानत नाही. तरी बरीचशी जिरून जाते, काही टिकते. किती टिकेल, हे त्या डॉक्टरलाही सांगता येत नाही. पोटाला पट्टा बांधला होता आणि चेहरा वांग्यासारखा काळानिळा होऊन सुजला होता. सहा आठवडे गाल दाबायचा नाही, चोळायचा नाही, त्या कुशीवर झोपायचं नाही. दाबला तर भरलेलं हलतं, काही वाया जातं.

माझा बेत असा होता की दिवाळीपर्यंत सगळं बसेल. लोक म्हणतील, प्रतिभाताईंची तब्येत निवृत्तीनंतर सुधारली. कोणाला काही कळणार नाही. आणि त्या आजीबाईंनी लग्न मे महिन्यात आणून ठेवलं.

त्या दवाखान्यातली गोष्ट ऐक. बाहेरच्या खोलीत सगळ्या पंचविशीच्या मुली, शेजारी त्यांच्या आया. काउंटरवरच्या मुलीने मला विचारलं, "आजी, पेशंट कुठे आहे?" मी म्हणाले, "येतेच आहे. भाची आहे माझी." भाची. तुझ्या थोरलीला मी खुशाल पेशंट केलं. पुढे माझं नाव पुकारलं तेव्हा मी उठले नाही. दुसऱ्यांदा पुकारलं तेव्हाही नाही. तिसऱ्यांदा उठले. त्या आयांनी माझ्याकडे असं पाहिलं, की मला वाटलं याच पावली स्टेशनवर जावं. आयुष्यभर मी बायकांना सुनावत आले, पावडरीवर खर्च करता तो वर्तमानपत्रावर करा म्हणून. आणि मीच तिथे पोट उघडं करून आडवी झाले.

दादा आला त्या दिवशी मोनिका गालावरची पट्टी बदलून नुकतीच बसली होती. ती रेल्वे हॉस्पिटलात नर्स होती, तिला काही सांगावं लागलं नाही. दादाचा आवाज ऐकून मी दार उघडायला धावलेच होते. वाटेत कपाटाचा आरसा आहे. त्यात जे दिसलं ते दादाने पाहू नये, एवढंच तेव्हा सुचलं. टॉवेल घेतला आणि डोळे आल्याचं बोलले. तो जिना उतरला तेव्हा त्याच्या पाठीवरून मला कळलं, की त्याला काहीतरी लागलं. तरी मी हाक मारली नाही. नारळ मी रात्री उचलून आत घेतला, शेजाऱ्यांना दिसू नये म्हणून.

तू विचारशील, ही दुर्बुद्धी का झाली. थोरलीच्या हळदीला मी चाळीत लपले, ते हळदीला भिऊन नाही. तुझ्या हाताला भिऊन. तू प्रत्येक लग्नात मला हळद लावतेस ती उजव्या गालाला. डाव्याला कधीच नाही. तुझा हात नाकापर्यंत येतो आणि वळतो. मी समजत आले की तुला किळस येते आणि तू ती सांभाळून घेतेस. दिवाळीनंतरच्या हळदीला तुझा हात वळू नये, एवढ्याचसाठी मी हे केलं. लिहिताना इतकं क्षुल्लक दिसतं आहे की पुन्हा वाचणार नाही.

दादाला सांगू नकोस. पागोटं मात्र घालायला लाव. कसं, ते तू बघ.

प्रतिभा


शिरूर,
२ मे २०२५

वन्सं,

पत्र चुलीत घातलं न्हाई. पिठाच्या डब्यात तळाला ठिवलंय. तिथं माझ्याशिवाय कुणाचा हात जात न्हाई.

आधी माझ्या हाताचं सांगते. माझं लगीन झालं तवा सासूबाई म्हणल्या, नणंदंला हळद लाव. मी नवी नवरी, उमेद लई. दोन्ही हातांनी तुमचं तोंड धरलं. डाव्या गालाला बोट लागलं आन् तुम्ही अशा दचकला, कातरणीत कातर लागल्यावर मेंढी दचकती ना, तशा. मला वाटलं अजून दुखतंय. कुणाला इचारायचं? नव्या सुनंनं नणंदंच्या तोंडाचं इचारावं का? तवापासनं त्या गालाला हात लावला न्हाई. किळस कसली. मेंढरांच्या खुरातलं किडं काढलेला हात हाय हा.

एवढी वर्षं तुम्हास्नी असं वाटत व्हतं आन् मला ठाऊक न्हाई, याची मलाच लाज वाटली.

आता हळदीचं. तुम्ही यायचं. बायांना मी सांगते, वन्संना नवस हाय, औंदा हळद लावून घेत न्हाईत. मी तुमच्या शेजारीच उभी राहीन, कुणाचा हात पोचू देत न्हाई.

पण यास्नी मी सांगणार न्हाई. लई सोपं हाय मला, एका वाक्यात सांगून व्हईल. पण मग ते म्हणत्याल, बायकोनं समजूत काढली. दार तुम्ही लावून घेतलं, उघडायचंबी तुम्हीच.

टोपी अजून डोक्यावर हाय.

भागू


दौंड,
१३ मे २०२५

प्रिय वहिनी,

लग्नाच्या धांदलीत आपलं बोलणं झालंच नाही. तू हळदीचं ताट आणायला आत गेलीस आणि बाहेर येईपर्यंत सगळं उरकलं होतं. दहा तोंडांनी तू ऐकलं असशील. आता माझ्या तोंडून ऐक.

तू आत गेलीस आणि नकुशीकाकूने माझं मनगट धरलं. ऐंशीच्या पुढची बाई, पण पकड अशी की सुटता सुटेना. वाटीत बोटं बुडवलेलीच होती. मी तुझा नवस पुढे केला. ती म्हणाली, "कुणाचा नवस?"

मी म्हणाले, "खंडोबाचा."

"आन् खंडोबाला हळद चालंना? आगं, त्यो भंडाऱ्यात न्हातोय. ह्यो नवस तुला कुणी सांगितला, त्या मोनिकाबाईनं?"

वहिनी, आपण दोघी किती मूर्ख. धनगराच्या अंगणात उभं राहून हळदीविरुद्ध नवस सांगायचा. सगळ्या बायका हसायला लागल्या. दोघींनी माझे खांदे धरले. नकुशीकाकूचा हात डाव्या बाजूने येत होता. दादा मांडवाच्या खांबाला टेकून बसला होता, डोक्यावर ती टोपी. तो माझ्याकडे पाहत नव्हता. मी मान वळवून उजवा गाल पुढे करू शकले असते. तीच माझी जन्माची सवय. पण मग दादाला दिसलं असतं ते एवढंच, की त्याच्या माणसांचा हात लागू नये म्हणून बहीण तोंड फिरवते आहे.

मी म्हणाले, "काकू, थांब. पोटातली चरबी काढून गालात भरून घेतली आहे. ऑपरेशन झालं आहे. दाबलास तर जाईल."

हळू बोलायचा विचार होता. पण माझा आवाज चौकशीच्या खिडकीतला. सगळ्या फलाटांवर पोचावा तसा तो पोचला. डीजेवाल्याने नेमकं तेव्हाच गाणं बदललं होतं. आचाऱ्याचा झारा थांबला. माझे कान इतके तापले की मला खाली, शेणाने सारवलेल्या जमिनीकडे पाहण्यावाचून दुसरं काही करता येईना.

नकुशीकाकूने हात मागे घेतला. गालाजवळ डोळे आणून पाहिलं. मग म्हणाली, "आगं बया, मला बोलवायचं. माझ्या पोटात चार गावांचं गाल भरतील एवढी हाय." आणि वाटीतली बोटं आपल्याच तोंडाला पुसून पुढे गेली. बायका हसल्या. त्यांच्यासाठी ते तेवढ्यावर संपलं.

दादा मात्र उठून मागे गेला. मला वाटलं, आता हाही गेला. मी मागोमाग गेले. तो मेंढरांच्या रिकाम्या वाड्याच्या कुडाशी उभा होता.

"तवा तोंड लपवत व्हतीस?"

"हो."

"सोताचं?"

"माझंच. तुझं नाही रे दादा."

तो कुडाच्या काटक्या सरळ करायला लागला. मग म्हणाला, "दुखलं का?"

मी म्हणाले, "पोट दुखलं. गाल नाही."

"मला सांगायचं व्हतंस. मी आलो असतो संगं. त्या पोरींच्यात तू एकटी बसलीस."

दवाखान्यातल्या पोरींचं त्याला कुठून कळलं, ते मी तिथे विचारलं नाही. आता विचारते. पिठाच्या डब्यात फक्त तुझाच हात जातो ना?

मग त्याने खुंटीवरचं पागोटं काढून आणलं आणि एक टोक माझ्या हातात दिलं. आजोबांचं पागोटं बांधताना सुट्टीत मीच टोक धरायची. ताणून धरायचं, आणि बांधणारा पीळ देत जवळ जवळ येतो. तो गुंडाळत माझ्यापर्यंत आला तेव्हा त्याने माझा गाल अगदी जवळून पाहिला. तू विचारशील, यास्नी कुणी मनवलं? कोणी नाही. मी फक्त टोक धरलं.

लग्नात मी पुढे बसले. अजून मला कोणी गालाकडे पाहिलं की पदर घ्यावासा वाटतो. एका दिवसात ती सवय जाणार नाही.

प्रतिभा


शिरूर,
२१ मे २०२५

वन्सं,

डब्यात यांचा हात गेला, ते खरं. हळदीच्या आदल्या राती. पाव्हण्यांसाठी पुरणपोळीचं पीठ काढायला मीच पाठवलं व्हतं. मी कुठं सांगितलं? मी पीठ आणाया सांगितलं.

वाचून कागद परत पिठात ठिवला. "ती सोता सांगंल तवाच पागोटं," एवढंच म्हणले. रातभर जागे व्हते. तुम्ही मांडवात बोलला नसता तर ते टोपीतच उभे राहिले असते आन् मी जन्मभर तो डबा उघडला नसता.

गावातल्या बाया रोज इचारत्यात, प्रतिभाची चरबी टिकली का. ज्या हसल्या त्यातल्याच एकीनं काल हळूच डॉक्टरचा पत्ता मागितला. पोरीच्या हनुवटीला तसाच वण हाय. मी म्हणलं, वन्संना इचारून सांगते. सांगू का?

रविराजच्या हळदीतली थोडी हळद डबीत बाजूला काढून ठिवलीया.

भागू


दौंड,
२० जुलै २०२५

प्रिय वहिनी,

पत्ता जरूर दे. मुलीला म्हणावं, नाव पुकारलं की पहिल्यांदाच उठ. आणि आईला म्हणावं, शेजारी एखादी म्हातारी एकटी बसलेली दिसली तर तिच्याकडे टक लावून पाहू नये.

काल पुण्याला दाखवून आले. दादा आला होता बरोबर, पागोटं घालून. त्या खोलीत पायावर पाय टाकून असा बसला, जणू आठवड्याच्या बाजारात आला आहे. काउंटरवरच्या मुलीने त्यालाच विचारलं, "पेशंट कोण?" त्याने माझ्याकडे बोट दाखवून एवढ्या मोठ्याने सांगितलं, "ही. माझी बहीण," की मला पुन्हा कान तापल्यासारखे वाटले. पण मी मान खाली घातली नाही.

निम्मीअधिक चरबी जिरली. खळगा होता तसा राहिला नाही, पण गेलाही नाही. तिरप्या उजेडात दिसतो. डॉक्टर म्हणाला, हवं तर आणखी एकदा भरू. मी म्हणाले, विचार करते. खरं सांगते, मला अजून हवासा वाटतो आणि हवासा वाटतो याची लाजही वाटते. दोन्ही आहे. पण दादाला पायरीवरून परत पाठवलं, ते आठवलं की ही दोन्ही लहान वाटतात. त्याचा नारळ मी अजून फोडलेला नाही.

डॉक्टर म्हणाला, आता गालाला हात लावायला काही हरकत नाही.

रविवारी सकाळच्या एसटीने येते. नारळ घेऊन येईन. तू ती डबी काढून ठेव. दोन्ही हातांनी लाव, पहिल्यासारखी. आणि मी दचकले तर थांबू नकोस.

तुझी
प्रतिभा